चौथी खुंटी

नीडरक्रेना स्वयंसेवी अग्निशमन दल. वार्षिक सभेचं इतिवृत्त.
एप्रिल महिना, शनिवार, दुपारी तीन. बंबाच्या गॅरेजमागची खोली. मतदानाचा हक्क असलेले हजर: अठरा. चिटणीस: मार्लीस येंच.

विषय १. दलप्रमुख हार्टमुट यांनी स्वागत केलं. वर्षभरात वारलेल्या चार सभासदांसाठी सगळे उभे राहिले.

इतिवृत्तात नाही ते असं: उठायलाच एवढा वेळ लागला आणि गुडघे इतके वाजले, की हार्टमुट म्हणाला, "बसून आठवण काढली असती तरी त्यांना राग आला नसता." सगळे हसले. मीही हसले.

विषय २. गावाची स्थिती. लोकसंख्या तीनशे चार. मागच्या वर्षी जन्म: शून्य.

इथे कोणी हसलं नाही.

जिल्हा कार्यालयाचं पत्र मीच वाचून दाखवलं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी, भर दुपारी, पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात शिरू शकतील अशी चार माणसं गावात असलीच पाहिजेत. दोन आत जातात, आत गेलेल्यांचं काही झालं तर त्यांना बाहेर काढायला दोन दारात उभी राहतात. एक जुलैपर्यंत चार नावं दिली नाहीत, तर बंब आइशबर्गला हलवणार. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'लोकसंख्येच्या वास्तवाशी आपण सर्वांनी जुळवून घ्यायला हवं.'

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. शाळा बंद केली तेव्हा हेच होतं. डॉक्टर गेला तेव्हा हेच. दुकान, दुपारची बस, पोस्टाची पेटी. आमच्या अंगावरचा एकेक कपडा काढून घेतात आणि म्हणतात, थंडीच्या वास्तवाशी जुळवून घ्या.

शाळेच्या इमारतीत आता वृद्धाश्रम आहे. सव्वीस म्हातारी माणसं, त्यातली अकरा अंथरुणाला खिळलेली. अकरातली एक माझी आई. आइशबर्गहून बंब यायला अठरा मिनिटं लागतात. धूर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला चार. मी बंब चालवते, मला हे कोणी शिकवायची गरज नाही. अठरातून चार वजा करा. त्या चौदा मिनिटांत माझी आई आहे.

आमच्या यादीत अठरा माणसं आहेत, पण यादी आग विझवत नाही. निम्मे सोमवारी पहाटे बवेरियाला कामाला जातात ते शुक्रवारी येतात. दिवसा गावात असलेले टाकीवाले तीन: छपरं शाकारणारा फ्रीडर, सिल्व्हिओ, आणि ग्रामपंचायतीचं गवत कापणारा एन्रिको.

चौथा माझा मुलगा होता. फाल्क.

गॅरेजच्या दाराशी चार खुंट्या आहेत, दिवसाच्या टाकीवाल्यांच्या. भोंगा वाजला की शोधाशोध नको म्हणून. चौथ्या खुंटीवर फाल्कचं हेल्मेट. तीन वर्षांपूर्वी तो स्टुटगार्टला गेला, बायको आणि मुलगी घेऊन. महिन्यातून एकदा मी ते हेल्मेट पुसते.

विषय ३. श्री. मुनीर सब्बाग यांना सक्रिय सभासद करून घेणे.

मुनीर आठ वर्षांपूर्वी सीरियाहून जर्मनीत आला. पाच वर्षं आमच्या वृद्धाश्रमात काम करतोय. बंद दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहतो, बायको रीम आणि दोन मुली. सकाळच्या बसला गावातून दोनच मुली चढतात, त्या त्याच्या. दोन वर्षं त्याने शनिवार-रविवार घालवून टाकीचं शिक्षण घेतलं. उष्णतेच्या परीक्षेत फ्रीडर पहिल्या खेपेला अर्ध्यातून बाहेर आला होता, हा शेवटपर्यंत राहिला. फ्रीडर स्वतःच सगळ्यांना सांगत फिरला, "अरे, मी उकडलेला बटाटा होऊन बाहेर पडलो, आणि हा आत विचारतोय, अजून किती वेळ?"

म्हणजे चौथा माणूस होता. आमच्या समोर होता. आमच्याच म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होता.

मत कसं देतात ते सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. आमच्याकडे हात वर करत नाहीत. दल स्थापन झालं तेव्हापासून घेवड्याच्या दाण्यांनी मत देतात. प्रत्येकाला एक पांढरा दाणा, एक काळा. जुन्या चामडी बादलीच्या तोंडाला कापडाची बाही शिवलेली आहे. बाहीतून मूठ आत घालायची, हवा तो दाणा सोडायचा. उरलेला दुसऱ्या हाताने कॉफीच्या डब्यात. काळे दाणे तिसरा हिस्सा भरले तर माणूस नापास, आणि वर्षभर त्याचं नाव परत मांडता येत नाही. अठरा माणसं. पाच काळे चालतात, सहा चालत नाहीत.

आणि काळे पडतातच. नव्या माणसाने फार फुगू नये म्हणून एखाददुसरा टाकायचा, अशी रीतच आहे. हार्टमुटला दोन पडले होते. मला तीन, बाई बंब चालवणार म्हणून. कोणी मनावर घेत नाही. उलट एकही काळा पडला नाही तर म्हणतात, याचं कोणाशीच भांडण नाही, काहीतरी गडबड आहे.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी सतरा दारं वाजवली.

फ्रीडर: "हे विचारायला आलीस? पोरगा सोन्यासारखा आहे. कॉफी घेतेस?"

एन्रिको: "माझी काही ना नाही. पण मार्लीस, माझ्या बहिणीला घर मिळायला चार वर्षं लागली. याला किती लागली?" मी म्हटलं, दुकानाच्या वरच्या त्या खोल्या फुकट दिल्या तरी तुझ्या बहिणीने घेतल्या असत्या का? छतातून पाणी गळतं. "ते खरं," तो म्हणाला. "मी फक्त म्हणतोय."

हार्टमुट: "जिल्हाप्रमुखाचा फोन आला होता. अभिनंदन केलं माझं."

"कशाबद्दल?"

"मोकळ्या मनाचं गाव म्हणून. फलक देणार आहेत, पितळी. सभेनंतर फोटोवाला पाठवतो म्हणाला."

"बंब काढून घेतो आणि फलक देतो?"

"त्याच कार्यालयातून. त्याच आठवड्यात." हार्टमुटचा खालचा ओठ थरथरत होता. "आणि मला म्हणतो कसा, तुमच्यासारख्या भागात असं घडणं म्हणजे विशेषच. तुमच्यासारख्या! आम्ही काय झाडावर राहतो?"

मग सिल्व्हिओ. मे महिन्यात जिल्हा परिषदेची निवडणूक होती आणि सिल्व्हिओ त्या नव्या पक्षाचा उमेदवार. पक्षाची पोस्टरं त्याने विजेच्या खांबांवर इतक्या उंच लावली होती की कोणाचा हात पोहोचू नये. शिडी आमच्या बंबाची. 'आपलं गाव आपलंच राहो.' त्यातलं एक पोस्टर नेमकं मुनीरच्या खिडकीसमोर.

"तिथेच लावायचं होतं का?" मी विचारलं.

"अगं, खांब तिथे आहे! मी खांब हलवू?"

"मुनीरचं काय करणार आहेस?"

"मुनीरचं काय? मुनीर आपला आहे. मी बाकीच्यांबद्दल बोलतो."

"बाकीचे कुठे आहेत, सिल्व्हिओ?"

"टीव्हीवर," तो म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला. मग गंभीर झाला. "हसू नकोस. तीस वर्षं कोणी आम्हाला काही विचारलंय? गिरणी बंद केली, विचारलं? शाळा? आता पहिल्यांदा मी काही बोललो की ते वरचे घाबरतात. काय मजा येते सांगू? ते घाबरतात."

सतरा दारं. सतरा होकार. मी घरी आले, चहा केला आणि मला वाटलं, जमलं.

त्याच संध्याकाळी आईकडे गेले. मुनीर तिला सूप भरवत होता. हनुवटीवर ओघळलेलं चमच्याने टिपून घेत होता, लहान मुलाचं घेतात तसं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण बाई? फाल्क, हिला खुर्ची दे."

मुनीरने खुर्ची दिली. "त्या मला रोज फाल्क म्हणतात," तो हळूच म्हणाला. "मी आधी सांगायचो, मी फाल्क नाही. मग त्या रडायच्या. आता हो म्हणतो. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

मला नाही चाललं.

मतदान.

मुनीर बाहेर बंबाजवळ थांबला होता. दलाचं जाकीट घालून. रीमने धाकटीच्या केसांना रिबिनी बांधल्या होत्या. मोठीच्या हातात मोबाइल, फोटो काढायला. नव्या सभासदाने बिअर आणायची असते, म्हणून मुनीरने दोन क्रेट आणले होते. तो स्वतः पीत नाही.

"पीत नाही तर दोन कशाला आणले?" एन्रिको ओरडला.

"एकच आणला तर म्हणाल, कंजूष," मुनीर म्हणाला.

"शाब्बास! आमच्यातला झाला!"

दार लावलं. हार्टमुटने बादली फिरवली. माझी पाळी आली. उजव्या मुठीत पांढरा, डाव्या मुठीत काळा.

कारण सांगू? कारणं हवी तेवढी होती. तो पितळी फलक. 'तुमच्यासारख्या भागात.' फाल्कने टाकीचं शिक्षण घेतलं तेव्हा बसभाडं आम्ही खिशातून भरलं होतं आणि याचं सगळं जिल्ह्याने केलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी खोटी आहेत. खरं एवढंच की चौथ्या खुंटीवरचं हेल्मेट आज उतरणार होतं. गेला तो माझा मुलगा. जाऊ दिला तो मी. आणि राग आला तो जो आला त्याच्यावर.

मनात म्हटलं, एकच. पाचपर्यंत चालतात. त्याला कळणारही नाही.

मी काळा सोडला.

बादली परत आली. पत्र्याच्या थाळीवर मी दाणे ओतले. चिटणीस मोजते, दलप्रमुख बघतो. पांढरे एका बाजूला सरकवत गेले. दहा, अकरा, बारा. मग थाळीवर पांढरा उरला नाही.

"परत मोज," हार्टमुट म्हणाला.

परत मोजले. बारा पांढरे. सहा काळे.

सगळ्यांचे चेहरे एकसारखे झाले होते. धक्का बसलेले. खरोखरच बसलेले! तो धक्का मला अजून दिसतो आणि अजून डोक्यात तिडीक जाते. सहा जणांनी आपापला एकेक काळा दाणा टाकला होता, आणि सहाही जणांनी धरून चाललं होतं की बाकीचे शहाण्यासारखे वागतील.

पहिला कोण उठला? सिल्व्हिओ. खुर्ची मागे पडली.

"कोण आहे तो हरामखोर? कोण कोण आहात?"

"सिल्व्हिओ, गुप्त मतदान आहे," हार्टमुट म्हणाला.

"गुप्त गेलं खड्ड्यात!" त्याने मूठ उघडली. तळहातावर काळा दाणा होता. डब्यात टाकायचा तो त्याने टाकलाच नव्हता. "हा माझा. म्हणजे बादलीत काय गेलं ते बघा. धुरात मी शिरतो. मी! तुम्ही नाही. मागे दारात उभा राहायला मला माणूस लागतो, आणि तो तुम्ही घालवला."

"आणि तुझी ती पोस्टरं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकवेना. "कोणी शिकवलं आम्हाला हे?"

"पोस्टर म्हणजे पोस्टर, मार्लीस! ती खांबावर असतात. ही खोली आहे!"

खोलीत अठरा माणसांत एकटाच जो आपलं मत दाखवू शकत होता, तो 'आपलं गाव आपलंच राहो'चा उमेदवार. मला त्या क्षणी त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. आणि त्याचा हातही धरावासा वाटला. मी काही केलं नाही. माझ्या हातात थाळी होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

हार्टमुट बाहेर गेला. मी मागोमाग.

"किती?" मुनीरने विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

"सहा," तो म्हणाला. गणित त्यालाही पाठ होतं, आम्हीच शिकवलं होतं. "दोन-तीन पडतील असं फ्रीडर म्हणाला होता. मी म्हटलं, तीन पडले तर मार्लीस येंच यांच्याइतके."

धाकटीने विचारलं, "बाबा, फोटो?"

रीम तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. थोडंसंच. मोठीने मोबाइल खिशात ठेवला.

मुनीरने जाकीट काढलं. जाकीट दलाचं. नीट घडी घालून बंबाच्या पायरीवर ठेवलं, त्यावर हातमोजे. आमच्याकडे दलातले सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि आजपासून तोही करणार होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या सकाळची पाळी माझी आहे. तुमच्या आईंचे लोकरी मोजे फाटलेत. येताना दुसरे आणाल?"

मी मान हलवली.

ते चौघे उतारावरून चालत गेले. क्रेट तिथेच राहिले. तेवढ्यात फोटोवाला आला, गळ्यात कॅमेरा, पितळी फलक काखेत. "सभा संपली का? नवा सभासद कुठाय?" हार्टमुटने त्याला एका शब्दात कुठे जायचं ते सांगितलं.

आता मला सर्वांत जास्त कशाचा राग येतो ते लिहिते. साडेचारच्या सुमाराला फ्रीडर म्हणाला, "आता गरम होऊन फुकट जाईल." आणि एक बाटली उघडली. मग सगळ्यांनी. दोन्ही क्रेट संपले. सिल्व्हिओ प्यायला नाही, निघून गेला. मी प्याले.

विषय ४, ५, ६. वेळेअभावी घेतले नाहीत.

फाल्कला फोन केला. रविवारी, जेवणानंतर. सगळं सांगितलं, काळा दाणासुद्धा.

तो म्हणाला, "आई, तू असं का केलंस?"

"तुझी खुंटी आहे ती."

"माझी?"

"तू परत आलास तर..."

"मी परत येणार नाहीये. किती वेळा सांगू? मिलाला इथे शाळा आहे, मैत्रिणी आहेत. माझ्या वर्गातली एकवीस पोरं होती, त्यातली गावात दोन उरलीत. माझ्यासाठी खुंटी ठेव असं तुला मी म्हणालो होतो? कधी?"

"नाही."

"मग?"

मागे मिला विचारत होती, कोण आहे? तो म्हणाला, आजी.

मे. सिल्व्हिओ निवडून आला. आमच्या गावात त्याच्या पक्षाला शंभरातली एकसष्ट मतं. जिल्ह्यात सर्वांत जास्त. शहरातला एक वार्ताहर आला आणि दारोदार विचारत फिरला की इथे परदेशी माणसं नसताना लोक असं मत का देतात. नसताना! एक कुटुंब होतं, दुकानाच्या वर, त्यांचं दार त्याने वाजवलं नाही. त्याला कोणी सांगितलंही नाही. सिल्व्हिओने जिल्हा परिषदेत पहिलं भाषण बंबावर केलं. वरचे घाबरले का माहीत नाही. बंब मिळाला नाही.

एक जुलै. बंब मीच चालवत नेला. दुसऱ्या कोणाला नेऊ दिला नसता. आइशबर्गच्या गॅरेजपर्यंत सतरा मिनिटं चाळीस सेकंद, रस्ता मोकळा, ऊन. दर खांबावर तीच पोस्टरं, निवडणूक होऊन गेली तरी. काढायला त्यांच्याकडे आता शिडी नव्हती. आमची शिडी माझ्या डोक्यावर होती, बंबाच्या टपावर.

ऑगस्ट. मुनीरला कासेल शहरातल्या रुग्णालयात काम मिळालं. जाण्याच्या दिवशी तो आईला भेटायला आला. मी खोलीत होते. त्याने तिचे केस विंचरले, नखं कापली. माझ्याशी चांगलं बोलला. त्याला चांगलंच बोलायची सवय आहे, आणि मला ते असह्य झालं. "मुनीर," मी म्हटलं, "सहातला एक..."

"नको," तो म्हणाला. कंगवा पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला. "मला रोज सकाळी सगळ्यांना नमस्कार करायचा होता. कोण ते कळलं असतं तर करता आला नसता. आता जातोय. आता तरी सांगू नका."

तो गेल्यावर बसही गेली. दोन मुलींसाठी चालू होती. वृद्धाश्रमाचा वरचा मजला बंद केला, कामाला माणसं नाहीत म्हणून. आई आता खाली तिघींच्या खोलीत आहे. रोज विचारते, फाल्क कुठे गेला. एकदा म्हटलं, स्टुटगार्टला. तर माझ्यावर चिडली. "तो नाही गं," म्हणाली, "सूप देणारा."

वार्षिक सभेचं इतिवृत्त. एप्रिल. मतदानाचा हक्क असलेले हजर: पंधरा.

विषय १. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करणे.

"काही दुरुस्ती?" हार्टमुटने विचारलं, वर न बघता. कोणीच कधी दुरुस्ती सांगत नाही.

"आहे," मी म्हटलं आणि उभी राहिले. गुडघे वाजले. "विषय तीन. तिथे लिहिलंय, सहा काळे. त्यात भर घाला. एक मार्लीस येंच हिचा."

"मार्लीस, नियमात असं..."

"नियमात नाही, मला माहीत आहे. मीच लिहिते ना. मी माझ्या आईची चौदा मिनिटं एका खुंटीसाठी घालवली. लिहा. आणि उरलेले पाच कोणाचे तेही लिहायचंय. जागा सोडली आहे."

मी एकेकाकडे बघितलं. फ्रीडर टेबलावरचं काहीतरी नखाने खरवडत होता. तिथे काही नव्हतं. एन्रिको मोबाइल बघत होता, मोबाइल बंद. सिल्व्हिओ हाताची घडी घालून बसला होता, तो एकटाच माझ्याकडे बघत होता. मग हार्टमुटकडे बघितलं. त्याचा खालचा ओठ थरथरत होता, फलकाचं सांगताना थरथरला होता तसाच.

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"बस, मार्लीस," तो हळू म्हणाला. "प्लीज बस." आणि पुढचा कागद उचलला. "विषय २. बंबाच्या रिकाम्या जागेचं काय करायचं."

"टेबल टेनिस ठेवू," कोणीतरी मागून म्हणालं.

"खेळणार कोण?"

मी बसले नाही. इतिवृत्ताची वही माझ्या हातात आहे, पाच ओळी रिकाम्या आहेत, आणि त्या भरल्याशिवाय खाली सही होणार नाही.